बीपीची गोळी: भ्यायचं कशाला?

सोयाबीन सोंगताना कंबर धरली, की वाशिम-रिसोडकडचा माणूस मेडिकलवरून दुखण्याची गोळी बिनधास्त आणतो. बीपीची गोळी मात्र 'किडनी जाईल' म्हणून मनानेच बंद करतो. हा हिशेबच उलटा आहे.

गैरसमज: बीपीच्या गोळ्यांनी किडनी खराब होते.
वस्तुस्थिती: किडनीला मारतो तो वर्षानुवर्षं वाढलेला दाब. टेल्मिसार्टन, एनालाप्रिल ही औषधं अनेकांची किडनी उलट सांभाळतात. फक्त सुरू केल्यावर क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासावं लागतं. डायक्लोफिनॅकसारखी दुखण्याची गोळी मात्र दाब वाढवते आणि बीपीच्या गोळ्यांबरोबर पोटात गेली तर किडनीवर भार टाकते.

गैरसमज: पाय सुजले, म्हणजे गोळी सोसत नाही, सोडून द्या.
वस्तुस्थिती: अॅम्लोडिपिनने घोट्यापाशी सूज येऊ शकते. अंगठा दाबला की खळगा पडतो. सुजेचं कारण दुसरंही असू शकतं, म्हणून डॉक्टरांना पाय दाखवा. गोळीचीच सूज असेल तर डोस कमी केल्यावर किंवा औषध बदलल्यावर ती बहुधा उतरते. एनालाप्रिल, रामिप्रिलचा कोरडा खोकलाही सिरपने हटत नाही; गोळी बदलल्यावर काही आठवड्यांत थांबतो. अॅटेनोलॉल तर एकदम सोडणंच धोक्याचं.

गैरसमज: बीपी 120/80 आलं, आता गोळी कशाला?
वस्तुस्थिती: तो आकडा गोळीनेच आणलेला असतो. मीठ आणि वजन घटलं तर डोस कमी होऊ शकतो, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. गोळीची 'सवय' लागत नाही. आजार मुक्कामी असतो, म्हणून औषधही.

गैरसमज: झाडपाल्याला साइड इफेक्ट नसतो.
वस्तुस्थिती: मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधा या वनस्पतीचा रक्तदाबावरचा गुण मांडला. 1952 मध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं. गुण खरा होता. पण नाक चोंदणं, सुस्ती आणि काहींना नैराश्य, हेही त्यासोबत आलं.

पुढच्या वेळी आरोग्य केंद्रात जाताना घरातली सगळी औषधं पिशवीत घालून न्या: बीपीची, दुखण्याची, वैदूची पुडीसुद्धा. त्रास होत असेल तर तो सांगा. गोळी बदलता येते. पण गोळी सोडून दाब वाढला आणि लकवा मारला, तर गेलेला हात परत येईलच असं नाही.