दीर्घिकेचे छायाचित्र : एक पाठचिकित्सा



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते विज्ञान शिकवीत. जन्मभर मराठीचे अध्यापन केलेल्या माणसाने त्यांच्या स्मृतिदिनी दूरच्या ताऱ्यांविषयी बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. मलाही वाटले होते. परंतु याच शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने गुडीहत्नूरबाहेरील आपल्या शेतात मला दोन रात्री जागविले आणि तिथे जे पाहिले, ते माझ्या विषयाच्या इतके जवळचे निघाले की हे निमंत्रण मी नाकारू शकलो नाही.

आधी शब्दाविषयी. अब्जावधी ताऱ्यांच्या समूहाला मराठीत आपण ‘दीर्घिका’ म्हणतो. संस्कृतात दीर्घिका म्हणजे लांबट तळे. ज्याने हा शब्द योजला त्याला नमस्कार केला पाहिजे, कारण काळोखात पसरलेल्या उजेडाच्या तळ्याखेरीज ती वस्तू दुसऱ्या कशासारखी दिसत नाही. आपली दीर्घिका म्हणजे आकाशगंगा. तिच्या शेजारची मोठी दीर्घिका देवयानी तारकासमूहात आहे. ती सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे आणि अंधाऱ्या रात्री नुसत्या डोळ्यांनाही पुसटशा डागासारखी दिसते. इराणी ज्योतिर्विद अल्-सूफी याने इ.स. ९६४च्या ग्रंथात तिची नोंद केली आहे. तिचा पसारा आकाशात सुमारे तीन अंश, म्हणजे पूर्णचंद्राच्या सहापट. तरीही आपण ती पाहत नाही, कारण डोळा उजेड साठवीत नाही. क्षणापूर्वी आलेला प्रकाश तो विसरतो आणि नवा पाहतो. छायाचित्र विसरत नाही.

लॉर्ड रॉस यांनी १८४५ साली बहात्तर इंची दुर्बिणीतून श्यामशबल तारकासमूहातील एका दीर्घिकेचे भोवऱ्यासारखे वळण पाहिले, पण ते त्यांना हाताने रेखाटावे लागले. (श्याम आणि शबल हे यमाचे दोन कुत्रे. पाश्चात्त्यांनी त्याच जागी शिकारी कुत्रे कल्पिले, हा योगायोग मला फार आवडतो.) १८८८ साली आयझॅक रॉबर्ट्स यांनी देवयानीचे छायाचित्र घेतले, तेव्हा तिचे वळण प्रथमच काचेवर उमटले. १९२३च्या ऑक्टोबरात हबल यांनी तिच्या एका काचेवर पूर्वी नवतारा समजून केलेली खूण खोडली आणि तिथे ‘रूपविकारी’ अशा अर्थाची अक्षरे लिहिली. त्या एका ताऱ्यामुळे देवयानी आपल्या आकाशगंगेबाहेर आहे हे सिद्ध झाले.

हे सारे परदेशात घडले असे मात्र समजू नये. आपला आदिलाबाद जिल्हा ज्या राज्यात होता, त्या निजामाच्या हैदराबादेत १९०१ साली नवाब जफरजंग यांनी वेधशाळा उभारली. पुढे ती बेगमपेठेत गेली आणि १९१९ साली उस्मानिया विद्यापीठाकडे आली. पॅरिसमध्ये १८८७ साली सुरू झालेल्या आकाशाच्या छायाचित्र-नकाशाच्या आंतरराष्ट्रीय योजनेत दक्षिण क्रांती १७ ते २३ अंशांचा पट्टा या वेधशाळेने स्वीकारला. आठ इंची कुक दुर्बिणीने काचांवर छायाचित्रे घेतली गेली, सूक्ष्मदर्शकाखाली एकेका ताऱ्याचे स्थान मोजले गेले आणि लक्षावधी ताऱ्यांच्या स्थानांचे खंड प्रसिद्ध झाले. ते खंड दीर्घिकांचे नव्हेत, ताऱ्यांचे आहेत. पण रात्रभर जागून काचेवर उजेड गोळा करणे हा उद्योग आपल्या मुलखाला शंभर वर्षांपूर्वीच ठाऊक होता.

आता त्या शेताकडे येऊ. आमच्या विद्यार्थ्याची दुर्बीण परावर्ती आहे. आरसा सहा इंचांचा, नाभीय अंतर ७५० मिलिमीटर. पाहताक्षणी माझी निराशा झाली, एवढीशी नळी! तो म्हणाला, “सर, नळीपेक्षा खालचा पाया महत्त्वाचा.” पृथ्वी फिरते, म्हणून आकाशाच्या विषुववृत्ताजवळचा तारा दर सेकंदाला पंधरा विकला सरकतो. त्याच्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल सुमारे एका विकलेचा. म्हणजे दुर्बीण स्थिर ठेवली तर एका सेकंदात तारा पंधरा पिक्सेल ओलांडून जाईल. यासाठी दुर्बिणीचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवून मोटारीने उलट फिरवावा लागतो. गुडीहत्नूरचा अक्षांश सुमारे साडेएकोणीस, म्हणून तो अक्ष उत्तर क्षितिजापासून तितकाच वर रोखायचा. ध्रुवतारा नेमक्या ध्रुवबिंदूवर नसतो, सुमारे दोनतृतीयांश अंश बाजूला असतो. ही चूकही हिशेबात धरावी लागते. अढळपदाच्या कथेला त्यामुळे बाध येतो, पण इलाज नाही.

कॅमेरा खास खगोलासाठीचा. त्याला ना पडदा, ना बटण. डबीएवढा गोल डबा, त्यात संवेदक, आणि मागे त्याला शून्याखाली दहा अंशांपर्यंत थंड करणारे विद्युत्-उपकरण. थंड कशासाठी? संवेदक उष्ण असला की उजेड नसतानाही त्यात विद्युत्कण सुटत राहतात आणि तो न पाहिलेले पाहिल्याचे सांगतो. जुन्या काचेवर पडलेल्या शंभर प्रकाशकणांपैकी दोन-एक कामी येत. आजचा चांगला संवेदक ऐंशीच्या आसपास टिपतो. सहा इंची आरशाला आज जे साधते, त्याचे मोठे रहस्य येथे आहे.

त्याने श्यामशबलातील तीच भोवरा-दीर्घिका निवडली. तीन मिनिटांची पहिली चौकट संगणकावर आली. करड्या खरखरीत एक मळकट ठिपका. मी म्हणालो, “हे तर वाळवी लागलेले पान आहे.” तो हसून म्हणाला, “अशी शंभर पाने घ्यायची, सर.”

इथे माझा विषय सुरू झाला. एका ग्रंथाची शंभर हस्तलिखिते मिळाली, तर प्रत्येकात लेखनिकाच्या चुका असतात, पण त्या वेगवेगळ्या ठिकाणी असतात. खरा पाठ सर्वांत समान असतो. प्रती ताडून पाहिल्या की चुका विरतात, पाठ उरतो. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती अनेक प्रती जुळवूनच. छायाचित्रातही खरखर प्रत्येक चौकटीत निराळी, दीर्घिका मात्र तीच. शंभर चौकटींची सरासरी काढली की खरखर दहापट घटते. दहापट का, शंभरपट का नाही? कारण ती वर्गमूळाच्या नियमाने घटते. म्हणूनच आणखी दुप्पट स्वच्छ चित्र हवे असेल तर चौपट रात्री जागावे लागते.

पण पाठचिकित्सकाला आणखी एक भय असते. सर्व प्रती एकाच सदोष प्रतीवरून उतरल्या असतील, तर तीच चूक शंभर वेळा भेटते आणि खऱ्या पाठासारखी दिसते. संवेदकातले काही पिक्सेल असेच प्रत्येक चौकटीत खोटे चमकतात. त्यावर दोन उपाय. एक, दुर्बिणीचे झाकण लावून तेवढ्याच वेळाच्या काळ्या चौकटी घ्यायच्या आणि वजा करायच्या. म्हणजे लेखनिकाच्या सवयी आधी ओळखून ठेवायच्या. दुसरा, दर काही चौकटींनंतर दुर्बीण किंचित हलवायची, म्हणजे दोष जागच्या जागी राहतो आणि दीर्घिका सरकते. धुळीचे डाग आणि कडांची काळोखी घालविण्यासाठी एकसारख्या उजळ पांढऱ्या पृष्ठभागाच्या चौकटी वेगळ्या. हे मला कुणी चाळीस वर्षांपूर्वी सांगितले असते, तर पाठचिकित्सेचा तास अधिक रंगला असता!

दोन रात्रींत पाच तासांचा उजेड जमला. पहिल्या रात्री दंवाने आरसा धुरकटला आणि वीस चौकटी फेकाव्या लागल्या. अखेर संगणकावर ते वळण उघडले. गाभा पिवळसर, भुजा निळसर, त्यांत तांबडे ठिपके. मी विचारले, “हे रंग खरे की तुझे?” मराठीच्या माणसाने विचारावा असाच प्रश्न. उत्तर असे : लाल, हिरव्या, निळ्या गाळण्यांतून आलेला उजेड मोजलेला असतो, म्हणून रंगांचे परस्पर प्रमाण खरे. गाभ्यात जुने तारे, म्हणून पिवळा. भुजांत तप्त तरुण तारे, म्हणून निळ्या. तांबडे ठिपके म्हणजे हायड्रोजन वायूचे तेज. फिकटाला उठाव देणे मात्र चित्रकाराच्या हाती असते. आपल्या डोळ्याला हे रंग दिसत नाहीत, कारण मंद उजेडात डोळ्याची रंगपेशी काम करीत नाही.

मग त्याने दुसरे चित्र दाखविले, अधिक रेखीव. आज्ञावलीने आपल्या अंदाजाने बारकावे भरले होते. मी म्हणालो, “बाळ, हा प्रक्षेप आहे.” ज्ञानेश्वरीत पदरची ओवी घालणाऱ्याला नाथांनी बजावले आहे, त्यात वृत्त चुकलेली ओवी वगळा असा भाव नाही; सुंदर ओवीही चालत नाही. तो काही वेळ गप्प राहिला. या स्मृतिपुस्तिकेसाठी त्याने पहिलेच चित्र दिले आहे.

राहिला काळोख. शेजारच्या इंद्रवेल्ली मंडळातील केसलापूरच्या नागोबाची जत्रा पुष्य अमावास्येला भरते. मेसराम घराण्याचे गोंड बांधव ज्या चंद्रहीन रात्री पूजेला जमतात, ती रात्र दीर्घिकांसाठीही उत्तम. संध्याकाळी वायव्येस देवयानी, मध्यरात्रीनंतर सप्तर्षी आणि सिंहेच्या दीर्घिका, पहाटेपूर्वी हा भोवरा. परंतु महामार्गावरचे आणि गावातले दिवे आता वरही उजेड फेकतात. आकाशाचा सरासरी उजेड चित्रातून वजा करता येतो, त्याची खरखर येत नाही. आकाश दुप्पट उजळले, की तेच चित्र मिळवायला साधारण दुप्पट वेळ लागतो. दिव्यावर वरून टोपी बसविली तर रस्ता अधिकच उजळेल, खर्चही वाचेल. ग्रामपंचायतीला हे सांगायला खगोलशास्त्र लागत नाही, आणि शाळेने ते सांगावे असे मला वाटते.

हौशी माणसाच्या अशा चित्राचा उपयोग काय, असे कुणी विचारील. २०२३ साली १९ मेला, वैशाख अमावास्येला, जपानमधील हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांना सप्तर्षींतील एम १०१ या दीर्घिकेत, सुमारे २ कोटी १० लाख प्रकाशवर्षे दूर, एक तारा स्फोट पावलेला दिसला. आमच्या विद्यार्थ्याने त्याच दीर्घिकेच्या चौकटी एप्रिलच्या अमावास्येला याच शेतातून घेतल्या होत्या. २१ मेच्या रात्री त्याने पुन्हा घेतल्या. दोन्ही त्याने माझ्यापुढे शेजारी-शेजारी ठेवल्या. दुसरीत एका भुजेवर एक ठिपका होता. पहिलीत ती जागा कोरी होती.