सुरेश भट: चाल शब्दातच घेऊन आलेला अमरावतीचा माणूस

एसटीत बसून ऐकताना अर्धा आवाज इंजिनातच जातो, असे मेसेज येतात. म्हणून या भागाचा हा लिहिलेला उतारा. निवांत वाचा.

सिंगर-सॉन्गरायटर म्हटलं की डोळ्यासमोर गिटारवाला पोरगा येतो. आजचा आपला माणूस मात्र तरन्नुममध्ये गझल म्हणायचा. तरन्नुम म्हणजे कवीनं स्वतःच्या कवितेला लावलेली साधी चाल. त्याला ना तबला लागतो ना पेटी, नुसता गळा पुरतो. माणसाचं नाव सुरेश भट.

एक काम करा. फोनवर 'सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या' शोधा. लता मंगेशकरांचं नाव लगेच दिसेल, नशीब असेल तर हृदयनाथ मंगेशकरांचंही. गीतकाराचं नाव शोधायला बऱ्याचदा दोन-तीन ठिकाणी बोट लावावं लागतं. गाणं पाठ आहे आणि लिहिणारा माहीत नाही, अशी आपल्यापैकी बऱ्याच जणांची गत आहे. तीही आपल्याच वऱ्हाडात, हे मला जास्त लागतं.

भटांचा जन्म १५ एप्रिल १९३२ रोजी अमरावतीत झाला. वडील डॉक्टर, तर आईला कवितेची भारी आवड. अडीच वर्षांचे असताना पोलिओ झाला आणि उजवा पाय कायमचा अधू झाला. १९५५ मध्ये बी.ए. झाले, मग शिक्षकी केली. १९६१ मध्ये 'रूपगंधा' हा पहिला संग्रह आला, १९७४ मध्ये 'रंग माझा वेगळा' आणि १९८३ मध्ये 'एल्गार'. आता या यादीपेक्षा महत्त्वाचं सांगतो: त्यांच्या शब्दांना चाल इतकी चपखल का बसते?

उत्तर आहे वृत्त. हा शब्द ऐकून पळू नका, शाळेत तुम्ही ते तोंडपाठ म्हटलंय. मनाचे श्लोक आठवा. त्यांचं वृत्त भुजंगप्रयात. लगागा, लगागा, लगागा, लगागा. 'ल' म्हणजे लघू, एक मात्रा: क, कि, कु. 'गा' म्हणजे गुरू, दोन मात्रा: का, की, के. एका ओळीत बारा अक्षरं आणि वीस मात्रा. पुढच्या ओळीतही तेवढंच, त्याच जागी. रॅप करणाऱ्यांच्या भाषेत सांगायचं तर बीट आधीच ठोकलेला आहे, शब्द त्यावर बसवायचे.

गझलेत त्यावर आणखी दोन गोष्टी चढतात. काफिया म्हणजे यमक: येत, देत, घेत. त्याच्यामागं दरवेळी तोच शब्द येतो, समजा 'आहे', तो रदीफ. पहिल्या शेराच्या दोन्ही ओळींत ही जोडी येते, पुढे प्रत्येक शेराच्या दुसऱ्या ओळीत. शेर दोनच ओळींचा, पण स्वतःत पूर्ण. एक शेर प्रेमाचा आणि पुढचा भुकेचा असला तरी चालतं, कारण बांधून ठेवायला वृत्त, काफिया आणि रदीफ आहेत.

मग संगीतकारानं काय करायचं? वृत्त जसंच्या तसं म्हटलं तर पाढे म्हटल्यासारखं वाटतं. इथं हृदयनाथ मंगेशकर येतात. कोणतं अक्षर लांबवायचं, कुठं थांबायचं, कोणता शब्द हळूच सोडायचा, हे चाल ठरवते. ही जोडी खूप वर्षं टिकली. 'मेंदीच्या पानावर', 'मालवून टाक दीप', 'तरुण आहे रात्र अजुनी', 'केव्हातरी पहाटे' ही सगळी या दोघांची.

त्यांचा पल्ला बघायचा तर जब्बार पटेलांचे दोन सिनेमे घ्या. 'सिंहासन' १९७९ चा. ज्यांच्या कादंबऱ्यांवर तो आहे ते अरुण साधू मूळचे परतवाड्याचे, म्हणजे आपलेच. त्यात आशा भोसलेंच्या आवाजातलं 'उषःकाल होता होता' राजकारणावर चिडलेलं आहे. 'उंबरठा' १९८२ चा. तिथं 'सुन्या सुन्या' एकदम आतल्या आवाजात बोलतं. कवी तोच, संगीतकारही तोच, पण एक गाणं चौकातलं आणि दुसरं बंद खोलीतलं.

आता मला सगळ्यात मोठी वाटते ती गोष्ट. मराठीत गझल भटांच्या आधीही होती. माधव जूलियनांचा 'गज्जलांजली' १९३३ चा. पण गझल कशी लिहायची, हे साध्या मराठीत पोरांच्या हातात दिलं ते भटांनी. 'गझलेची बाराखडी' या नावानं नियम लिहून काढले, 'एल्गार'च्या शेवटी छापले आणि नव्या कवींपर्यंत पोचवले. आपली विद्या मुठीत दाबून धरणारे उस्ताद पुष्कळ असतात. यांनी मूठ उघडली.

त्याचं पीक आपल्याच भागात दिसतं. अमरावती जिल्ह्यातल्या आष्टगावचे भीमराव पांचाळे स्वतः चाली बांधतात, स्वतः गातात आणि फक्त मराठी गझलेची अख्खी मैफल रंगवतात. भटांसोबतच इतर कवींच्या गझलाही त्यांनी घरोघरी नेल्या. अकोल्यात श्रीकृष्ण राऊतांसारखे गझलकार लिहिते झाले. पुण्या-मुंबईला गेल्याशिवाय काही होत नाही म्हणणाऱ्या भावाला हे नक्की सांगा.

भट १४ मार्च २००३ रोजी नागपुरात गेले. पण २०१० मध्ये कौशल इनामदारांनी त्यांच्या शब्दांवर मराठी अभिमानगीत केलं आणि शंभरावर गायकांनी ते गायलं. कवी जाऊन सात वर्षं झाली होती, तरी शब्द चालीसाठी तयारच होते.

अकोल्याच्या गल्लीत रॅप लिहिणारी पोरं मला विचारतात, "भाऊ, आमचे शब्द बीटवर बसत नाहीत, काय करू?" त्यांना माझं एकच सांगणं असतं, बाराखडी वाचा. कागदावर ओळ लिहा, प्रत्येक अक्षराखाली ल नाहीतर गा मांडा, आणि टाळी वाजवत म्हणा. कुठं अडखळतं ते तुमचं तुम्हालाच कळेल. जमलेली ओळ मला व्हॉइस नोटवर पाठवा, आणि हो, शेवटी आपलं नाव सांगायला विसरू नका.