दिनविशेष : २७ डिसेंबर

१९०७ साली नागपूरला ठरलेले काँग्रेसचे अधिवेशन आपल्या सुरतेत भरले. २७ डिसेंबरला अध्यक्ष रासबिहारी घोष बोलायला उभे राहताच लोकमान्य टिळक मंचावर गेले. बोलण्याची परवानगी त्यांनी आधीच चिठ्ठीने मागितली होती. नकार मिळाला, तरी ते हटले नाहीत. तेवढ्यात मंडपातून भिरभिरत आलेला जोडा सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहता यांना लागला. जोडा होता मराठी, लाल चामड्याचा! मग खुर्च्या आणि लाठ्याच. पुढच्या जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. जहाल-मवाळ एकत्र आले ते थेट १९१६ साली, लखनौला.

बरोबर चार वर्षांनी, १९११ च्या २७ डिसेंबरला, कलकत्ता अधिवेशनात ‘जन गण मन’ प्रथम गायले गेले.

आजचे जन्मदिन : मिर्झा गालिब (१७९७) आणि स्वतंत्र भारताचे पहिले कृषिमंत्री म्हणून आपण ओळखतो ते नव्हे, पण विदर्भात शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा-कॉलेजे काढणारे माजी केंद्रीय कृषिमंत्री डॉ. पंजाबराव देशमुख (१८९८).