नोटांचें चित्रमय पुस्तक

घरांतील लहान मुलांकरितां कागदी पैशाच्या इतिहासाचें सचित्र पुस्तक हातानें तयार करावें, असें गेल्या मे महिन्यांत आमच्या नातीनें मनांत घेतलें. चित्रें तिचीं, मजकूर आमचा. प्रत्येक पानावर एक नोट व खालीं सन, अशी तिची मांडणी होती. आम्हांस ती पटेना. नोट ही मुळांत वचनचिठ्ठी. तेव्हां पहिलें पान हुंडीसच द्यावें, असा आम्हीं आग्रह धरला व तो मान्य झाला.

पुढें बँक ऑफ बॉम्बेच्या नोटा आल्या. त्यांवर एल्फिन्स्टन व माल्कम या गव्हर्नरांच्या छबी असत. सन १८६१ च्या कायद्यानें नोटा काढण्याचा अधिकार सरकारनें आपणांकडे घेतला. त्या काळीं नोट टपालानें पाठवावयाची तर ती मधोमध कापीत. अर्धी पोंचल्याचें पत्र आलें म्हणजे उरलेली अर्धी रवाना होई. या कापलेल्या नोटेला नातीनें समोरासमोरचीं दोन पानें दिलीं. मुलें तींच पुनः पुनः उघडतात.

महायुद्धांत चांदी दुर्मिळ झाली म्हणून ३० नोव्हेंबर १९१७ रोजीं निघालेली रुपयाची नोट, १९२८ पासून नाशकास सुरू झालेली छपाई, हीं पानें झटपट उरकलीं. चिंतामणराव देशमुखांच्या सहीपाशीं मात्र आम्ही रेंगाळलों. रिझर्व्ह बँकेचे हे पहिले भारतीय गव्हर्नर महाडजवळच्या नाते गांवीं जन्मले. जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीचे मानकरी, मेघदूताचे मराठी अनुवादक! संस्कृत शिकून काय मिळतें, असें विचारणाऱ्यांस दाखविण्याजोगें तें पान आहे.

हुबेहूब नोट छापणें कायद्यानें गुन्हा असल्यामुळें सर्व चित्रें निम्म्या आकाराचीं व एकाच शाईंत काढलीं.

वाद झाला तो शेवटच्या पानावरून. आमच्या कैलासवासी मातोश्रींनीं थोरल्या बंधूंच्या मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरींतून वाचविलेल्या पांचशेंच्या सात नोटा, लुगड्यांच्या ट्रंकेंत रुमालांत बांधलेल्या, आम्हांस २०१७ च्या पावसाळ्यांत सांपडल्या. त्या ८ नोव्हेंबर २०१६ रोजींच रद्द ठरल्या होत्या व बदलून घेण्याची मुदतहि टळली होती. त्यांतील एक पुस्तकांत लावूं, असें नात म्हणाली. आईचा कष्टाचा पैसा मुलांच्या खेळांत जावा, हें आम्हांस रुचेना. दोन दिवस आम्ही बोललों नाहीं. अखेर तिनेंच विचारलें, “आजोबा, वचनाचीं एवढीं पानें केलींत, मग मोडलेल्या वचनाचें एकहि नको?”

नोट डिंकानें न चिकटवितां कडेला दोऱ्यानें टांचली आहे. ती उलटली कीं मागच्या पंधरा भाषांत मराठी ओळ कोणती नि संस्कृत कोणती, हें मुलें शोधीत बसतात. उरलेल्या सहा पुन्हां रुमालांत आहेत.