बैठे काम आणि अवघडलेली पाठ

अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे येथे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली व सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, अशी परंपरा आहे. लेखनिकाचे काम किती कष्टाचे असे, याची साक्ष जुन्या संस्कृत हस्तलिखितांच्या अखेरीस मिळते. पाठ, कंबर आणि मान मोडून हा ग्रंथ लिहिला आहे, तेव्हा तो जपावा, अशी विनवणी नकलकार करीत. बोरूची जागा आज संगणकाने घेतली; तथापि साखर कारखान्याच्या, बँकेच्या वा महाविद्यालयाच्या कार्यालयात तक्रार तीच ऐकू येते.

मराठीने या दुखण्याचे दोन प्रकार शब्दांनीच वेगळे केले आहेत. ओझे उचलताना एकाएकी भरते ती 'उसण'. एकाच स्थितीत फार वेळ राहिल्याने होते ते 'अवघडणे'. या दुसऱ्या शब्दात दुखण्याचे कारणही सूचित झाले आहे. दोष केवळ बसण्याच्या ढबीचा नसून मुख्यतः अचलपणाचा असतो. सतत ताणलेले स्नायू थकतात. शिवाय मणक्यांमधील चकत्यांना प्रौढ वयात स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. भोवतालच्या ऊतींतून झिरपणाऱ्या द्रव्यांवरच त्यांचे पोषण चालते.

यावरून उपायाची दिशा स्पष्ट होते. उत्तम खुर्चीही उठण्याची जागा घेऊ शकत नाही. अर्ध्या तासाने उठून दोन मिनिटे चालावे. उभे राहून, तळहात कमरेवर टेकून, पाच-सहा वेळा सावकाश मागे झुकावे. घरी उताणे निजून गुडघे छातीशी घ्यावेत. मग गुडघे दुमडून, पावले टेकून कंबर उचलावी. दुखणे वाढविणारी क्रिया तूर्त सोडावी. नित्य चालणे यास पूरक होय.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये सुमारे ६१.९ कोटी लोकांस कंबरदुखी होती. तिच्या २०२३ च्या मार्गदर्शनात जुनाट कंबरदुखीसाठी व्यायामाची शिफारस आहे. कमरेच्या पट्ट्याची नाही. दीर्घकाळ अंथरुणास खिळून राहणेही अपायकारकच ठरते, कारण त्याने मूळचा अचलपणा वाढतो.

मात्र पायातील शक्ती कमी होणे, जांघेभोवती बधिरता, मलमूत्रावरील ताबा सुटणे, ताप किंवा अपघातानंतरची वेदना, यांपैकी काहीही आढळल्यास व्यायाम न करता तत्काळ वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. ते अवघडणे नव्हे.