प्लॅस्टिकच्या टाकीला रंग लावायचा नाही, मुरवायचा

भंडारदऱ्याच्या पावसात बाईक फिरवणाऱ्यांनो, आधी टाकीला चुंबक लावून बघा. चिकटलं तर टाकी पत्र्याची. ही पोस्ट तुमच्यासाठी नाही. ऑफ-रोड बाईकच्या दुधी टाक्या बहुधा पॉलिइथिलीनच्या असतात. त्यातून पेट्रोलची वाफ हळूहळू बाहेर झिरपते आणि वर मारलेल्या पेंटला फोड येतात. म्हणून रंग प्लॅस्टिकमध्येच मुरवायचा.

त्यासाठी पॉलिस्टरचा डिस्पर्स रंग घ्या. कापडाला लागतो तितका गडद इथे चढत नाही, हे आधीच सांगतो. टाकी रिकामी करा, साबणाच्या पाण्याने चार-पाचदा धुवा, वास पूर्ण जाईपर्यंत उघड्यावर वाळवा. घाई नको, उरलेली वाफ भडकते! पाणी वेगळं तापवा, टाकी आगीजवळ नेऊच नका. टाकी तरंगू नये म्हणून आत साधं गरम पाणी भरा, भोकं बंद करा आणि रंगाच्या गरम पाण्यात बुडवा. आधी तळाशी छोटा डाग करून बघा. रंगाचं भांडं पुन्हा स्वयंपाकाला नको.

मी फिकट निळाच ठेवला. रतनवाडी-घाटघरच्या फेरीत पेट्रोलची रेघ अजून बाहेरून दिसते.