घरगुती गिटारसाठी व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर

इंदूरच्या रामबागेसारख्या दाट वस्तीत राहून इलेक्ट्रिक गिटारचा अभ्यास करणाऱ्याने ५० वॅटच्या ॲम्प्लिफायरचा हव्यास धरण्याचे प्रयोजन नाही. कारण शक्ती दसपट झाली तरी कानास आवाज सुमारे दुप्पटच भासतो, आणि व्हॉल्व्हचा (निर्वात नळीचा) तो मधुर, किंचित फाटलेला स्वर यंत्र आपल्या सामर्थ्याच्या सीमेपाशी पोहोचल्यावरच उमटतो. फेंडर कंपनीच्या चॅम्प या ॲम्प्लिफायरच्या धर्तीवरील सुमारे ५ वॅटचे यंत्रही पूर्ण आवाजात चालविल्यास शेजाऱ्यांस जाचक होते. म्हणून शक्ती १ वॅटपर्यंत उतरविण्याची तजवीज असलेले यंत्र अधिक इष्ट. जुना माल घेताना तो २३० व्होल्टचा असल्याची खातरजमा करावी, कारण अमेरिकेतील १२० व्होल्टचे यंत्र येथे थेट जोडल्यास जळते. स्पीकर जोडल्याविना यंत्र कदापि चालू करू नये. लहान यंत्र घेऊन वाचलेली रक्कम चांगल्या स्पीकरवर खर्च करावी.